मी पेटवलेला पातेरा

नात विद्यापीठाच्या शिबिरासाठी खेड्यात निघाली, तशी मला माझी स्वारी आठवली. राजापूरजवळच्या वाडीत आम्ही कॉलेजवाले स्वच्छता शिकवायला गेलो होतो. शेताकडेला सुक्या पानांचा ढीग दिसला, तो मी शहाणीने पेटवून दिला.

शेतवाली म्हातारी धावत आली. "अगो बाय, भाजावळीचा पातेरा तो! पेरणीआधी शेतात पसरून जाळायचा असतो. महिनाभर गोळा केला होता. आता भाताची रोपं कशी करू?"

मी काडेपेटी मुठीत लपवली. निरोपाच्या सभेत मात्र मी ठणकावून सांगितलं, "आम्ही वाडी कचरामुक्त केली!" समोर बसलेल्या म्हातारीनेही टाळ्या वाजवल्या. तिची माफी मी कधीच मागितली नाही.

नातीच्या पिशवीतली काडेपेटी मी काढून घेतली.

"आजी, चुलीला लागेल गं!"

"शेजारी माग. आधी विचारायची सवय लागेल."