गावची विहीर
ओल्या काथ्याच्या दोराचा वास आला की मला सोनाळ्यातली गावची विहीर आठवते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि वडील आमदार होते. त्या उन्हाळ्यात बौद्ध वस्तीतली विहीर आटली, म्हणून तिथल्या बाया गावच्या विहिरीवर पाण्याला आल्या, तर मोठ्या काकांनी त्यांना हाकलून दिलं. हे कळताच वडील स्वतः त्या बायांना घेऊन विहिरीवर गेले आणि पहिली बादली शेंदून त्यांनी एका म्हातारीच्या घागरीत ओतली. काका तणतणत आले. "घराची इज्जत घालवून राह्यला का बे?" वडील हळूच म्हणाले, "दादा, सभेत लोकायले कायदा मीच सांगतो. घरच्यानंच मोडला, तर कोन्त्या तोंडानं सांगू?" "मंग आजपासून तू मले मेला," काका म्हणाले, आणि त्यांनी बोलणं सोडलं ते कायमचं. पावसाळ्याआधीच काका वारले. वडील धावत गेले, पण काकांच्या मुलांनी त्यांना खांदा देऊ दिला नाही. आता लोक वडिलांच्या पुढारपणावर भाषणं करतात आणि मी पुढच्या रांगेत बसून ऐकते. मला मात्र दारातून पाहिलेले, तिरडीच्या खूप मागे अनवाणी, एकटेच चालणारे वडील दिसत राहतात.