पोरिरुआतला मतपेटीचा दरोडा

"पेटी इकडे द्या, नाहीतर टेबलासकट उचलून नेईन!" मी न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या कम्युनिटी हॉलमध्ये ओरडत होतो आणि समोर जेमतेम पावणेपाच फुटांच्या एक बाई मतपेटीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. माझा आवाज वेलिंग्टनपर्यंत गेला म्हणतात. वाटेतल्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं, हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मला खात्री आहे.

झालं होतं असं, की युद्धातून नुकत्याच सावरू लागलेल्या एका बेटदेशातले बारा जण मतदान कसं घ्यायचं ते शिकायला आले होते. त्यांना शिकवणारे निवृत्त किवी गृहस्थ इतके सज्जन, की तालमीत गुंडाचं काम त्यांनी केलं तेव्हा दारात जँडल्स काढून म्हणाले, "किया ओरा, ही पेटी मी नेली तर चालेल का?" बाराही जण त्यांच्यासाठी चहा आणायला उठले.

मी तिथे प्रोजेक्टर लावायला गेलो होतो. पण पुण्याकडे पाटबंधारे खात्यात असताना केंद्राध्यक्ष म्हणून सतरा निवडणुका घेतल्याचं मी ओळखीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. (दोन घेतल्या. पण त्या सतरांना भारी होत्या.) एका गावपुढाऱ्याला मी केंद्रात घुसताना जवळून पाहिलं होतं. झालं, गुंडाचं काम माझ्याकडे आलं आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीचा पांढरा कुर्ता आणि बायकोचा गॉगल घालून मी हजर. बायको म्हणाली, कपडे बदलायची गरज नव्हती, नुसतं बोलला असतात तरी पटलं असतं.

पेटीवरच्या त्या बाई बारा जणांतल्याच; शाळेत शिकवायच्या, म्हणून मी त्यांना बाईच म्हणायचो. मागच्या मतदानात त्यांच्याच शाळेत एक माणूस आला होता आणि त्यांनी पेटी त्याच्या हातात दिली होती. हे त्यांनी पहिल्याच दिवशी, ओळख करून देताना, सरळ सांगितलं. या वेळीही तेच केंद्र त्यांच्याकडे होतं. पण ते नको असल्याचं पत्र त्यांनी लिहून गृहस्थांकडे ठेवलं होतं. पाठवायचं की नाही, ते या तालमीनंतर ठरणार होतं.

मी टेबलावर मुठी आपटल्या, खुर्ची लाथाडली, त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. बाई म्हणाल्या, "रांगेत उभे राहा." टाळ्या पडल्या. मी मुजरा करणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "आमच्याकडचा ओरडत नाही."

मग काय करतो, मी विचारलं. शेजारी येऊन बसतो, म्हणाल्या. घरची चौकशी करतो.

मी गॉगल काढला. खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो. "बाई, आईची तब्येत कशी आहे? दवाखाना लांब पडत असेल, नाही? रस्ता तसा माझ्याच दारावरून जातो."

त्यांची बोटं झाकणावरून एकेक करून सुटायला लागली. मला वाटलं, बास, थांबवावं. गृहस्थ अर्धे उठले होते. माझी जीभ, जी ऑकलंडच्या ट्रॅफिकमध्येही थांबत नाही, ती टाळूला चिकटली.

मग बाईंनी हात पुन्हा पेटीवर ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आई बरी आहे. तुमचा नंबर बारावा. रांगेत उभे राहा."

आणि देवाशप्पथ, मी उठलो आणि अकरा जणांच्या मागे जाऊन उभा राहिलो. तालीम संपली तरी हललो नाही. छाती अशी फुगली होती की कुर्त्याचं एक बटण अजून सापडलेलं नाही.

हा किस्सा मी पुढे कुठे कुठे सांगितला! रोटोटुनाच्या गणपतीत माझ्या कमरेला पिस्तूल आलं, ऑकलंडला मी घोड्यावरून हॉलमध्ये शिरलो. पण बाईंच्या त्या तीन वाक्यांना मी कधी हात लावला नाही. वाढवायला जागाच नव्हती.

चहाच्या वेळी बाईंनी पत्र परत मागून घेतलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मला राहवेना. मी विचारलं, तो माणूस या वेळीही येईल का?

बाईंनी बिस्किट चहात बुडवलं.

"येईल," त्या म्हणाल्या. "रांगेत उभा राहील."