न गळणारा फ्रिज

जगातली यच्चयावत यंत्रे कारखान्यातून अर्धवटच बाहेर पडतात आणि ती पूर्ण करण्यासाठी देवाने एकच माणूस जन्माला घातला आहे, असे आमच्या मामेसासऱ्यांचे ठाम मत आहे. तो माणूस कोण, हे स्वतःच्या तोंडाने सांगण्याइतके ते गर्विष्ठ नाहीत. ते फक्त पाना घेऊन येतात.

मामांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासनीस म्हणून गेली. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू आत्ता फुटणार आहे, या हिशेबानेच ते तिच्याकडे बघतात. आमच्याकडे कुकरची शिट्टी बदलली तेव्हा त्यांनी सगळ्यांना गॅलरीत काढले होते आणि शेजारच्या आजींना खाटेसकट हलवावे की काय, यावर गंभीरपणे विचार केला होता. त्यांनी दुरुस्त केलेल्या मिक्सरमधून चटणी जी उडाली, तिचे ठिपके छतावर अजून आहेत. पाहुण्यांना आम्ही ते नक्षत्र म्हणून दाखवतो. दाराची बेल त्यांनी नीट केल्यापासून आमचे बटण दाबले की समोरच्यांकडे वाजते. आता समोरचेच दार उघडून आमच्या पाहुण्यांना विचारतात, “त्यांच्याकडे का? मग आमच्या घरी काय पेढे वाटतात?”

तर अशा मामांना त्यांच्या एकुलत्या एका मुलीने बंगळुरूहून फोनवर निक्षून सांगितले, “बाबा, आता पुरे. हात थरथरतात तुमचे. खडकीचं घर बंद करा आणि इकडे या.” मामी गेल्यापासून ती हेच सांगत होती. मामा गेली तीन वर्षे ‘रेंज नाही’ म्हणून फोन ठेवत होते. पण नेमका त्याच सुमारास आमच्याकडे नवा फ्रिज आला. दारातूनच पाणी आणि बर्फ देणारा, दिसायला कपाटाएवढा आणि ऐटीला जावयाएवढा. मामांना संधी दिसली. “हा फ्रिज मी एकट्यानं बसवतो,” त्यांनी मुलीला कळवले. “एक थेंब जरी गळला तर बंगळुरूला येतो. नाही गळला तर हा विषय बंद.”

कंपनीचा माणूस आला होता. त्याने नम्रपणे सुचवले, “काका, पाइप टाकीच्या लाइनला जोडू. दिवसभर पाणी मिळेल.”

“टाकीत कबुतरं आंघोळ करतात,” मामा म्हणाले. “ते पाणी फ्रिजला पाजायचं? प्यायचं पाणी म्हणजे कॉर्पोरेशनचं. आणि तुम्ही आता चहा घ्या आणि निघा.”

आमच्या स्वयंपाकघरात कॉर्पोरेशनचा नळ सकाळी तासभर येतो. मामांनी दुपारी चारला त्याच लाइनला फ्रिजची बारीक नळी जोडली. सोबत मिळालेली चकचकीत जोडणी त्यांनी ‘खेळणं’ म्हणून बाजूला ठेवली आणि सुतळी व सफेदा असा काही थापला की ते जोडकाम न वाटता फ्रॅक्चरचे प्लॅस्टर वाटावे. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी बॅटरीच्या उजेडात फरशी तपासली. कोरडी ठणठणीत! “एक थेंब नाही, जावईबापू!” नळाला पाणीच नव्हते, हा तपशील मी नजरेस आणून दिला. तेव्हा मामा म्हणाले, “तपासणी कशी करायची ते दारूगोळ्यात शिकलोय मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आले आणि आमच्या स्वयंपाकघरात पानशेत झाले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. “बर्फाचा फ्रिज घेतलात म्हणे. अभिनंदन. आमच्याकडे तूर्त पाऊसच पोचलाय.”

मामांना फोन केला. पण सकाळी पाणी यायच्या वेळी घर सोडणे हा मामांच्या लेखी फितुरीचा गुन्हा. स्वतःच्या खडकीच्या घरातली पिंपे भरून, जेवून, वामकुक्षी आटोपून ते यायचे, तोवर आमचा नळ गेलेला असायचा आणि आम्ही फरशी पुसलेली असायची. मामा वाकायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “हे तुमच्या घरातलं सांडलवंड आहे. सुतळीचा आणखी एक वेढा देतो, तुमच्या समाधानासाठी.” वेढे वाढत गेले. नळीला गलगंड झाला. दुपारी फ्रिजच्या दारातून पाणी येत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “शिस्तीचा फ्रिज आहे. वेळेवरच देतो.”

शेवटी मामांची मुलगी स्वतः बघायला पुण्याला आली. बापाचीच लेक ती. म्हणाली, “मी सकाळी येणार. पाणी यायच्या वेळेला.” आणि मामा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची पिंपे रिकामी ठेवून तिच्याबरोबर निघाले. इस्त्रीचा सदरा, खिशात पाना.

आम्ही चौघे स्वयंपाकघरात उभे. नळाने घसा खाकरला आणि पाणी आले. सिंकमधल्या पातेल्यात धो धो धार. चार जोड्या डोळे फ्रिजखालच्या फरशीवर. पाच मिनिटे झाली. फरशी कोरडी. मी चकित होऊन बायकोकडे पाहिले. ती अत्यंत एकाग्रतेने कोथिंबीर निवडत होती. तेव्हा मला कळले, की फ्रिजच्या नळीचा छोटा कॉक हिने मी उठायच्या आधीच बंद करून ठेवला होता.

“बघ!” मामा म्हणाले. आणि मग, तपासनीसच तो, त्यांनी पेला घेतला आणि फ्रिजच्या दाराला लावून दाबला.

काहीच आले नाही. पुन्हा दाबला. पेला दारावर टकटक वाजत राहिला, कारण हात स्थिर राहत नव्हता.

मुलीने सिंकमधल्या धारेकडे पाहिले, कोथिंबिरीकडे पाहिले, मग त्या पेल्याकडे. पातेले भरून वाहू लागले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “आज पाणी आलेलं दिसत नाही.”

मामांनी वाहणाऱ्या पातेल्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “कॉर्पोरेशनचा कारभार. दुसरं काय.”

तिने त्यांच्या हातातून हळूच पेला घेतला, नळाखाली भरला आणि दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढे केला. मामा उभ्या उभ्या सगळे पाणी प्यायले.

“छान गार आहे,” ते म्हणाले.