मामांचा खटका

मामा गाडीत बसले की आधी चारही काचा खाली करायचे. बाहेर ऊन मी म्हणत असे, मागे शेठ रुमालाने मान पुसत असत, पण मामा एसी लावत नसत. "आदी कोंडलेली वाफ जाऊ द्या, शेठ," म्हणत नाक्यापर्यंत तसेच जायचे. मग काचा वर आणि एसी सुरू.

ऐंशीच्या सुमारास अख्ख्या वसईत एसीची गाडी शोधून सापडली नसती. आमच्या कारखान्याच्या शेठने एक जुनी परदेशी गाडी घेतली आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मामांच्या, हाती दिली. तिच्या डॅशबोर्डवरचा एक खटका म्हणजे मामांचा जीव की प्राण. मी नवा कारकून. मलाही त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. खटका उजवीकडे केला की बाहेरची हवा बंद, आतलीच फिरून फिरून लवकर गार होते. डावीकडे केला की ताजी हवा येते, गारवा थोडा कमी.

"लॉरीच्या मागं उजवीकडं. लॉरी गेली का डावीकडं. मानसाला गारव्यापरीस दम मोठा," मामा असं सांगायचे, जणू गाडी त्यांनीच बनवली होती.

त्या मे महिन्यात माझ्या वडिलांचा दमा उसळला. मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यायला शेठने गाडी दिली. अट एकच, गाडीत मासळी नको. मी आईला बजावलं. पण डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाईल तर ती आमच्या सांडोर गावची बाई कसली! डॉक्टरांना सुके बोंबील आवडतात हे तिला ठाऊक होतं. पिशवीत बोंबील, वर केळीचं पान, आणि पिशवी मांडीवर. मामांनी पिशवी पाहिली, वडिलांचा चेहरा पाहिला आणि गाडी काढली.

खाडीजवळ वास आला. मला वाटलं, बाहेर बोंबील वाळत घातलेत. मी शहाणपणाने खटका उजवीकडे केला. वास दुप्पट झाला! वडिलांना खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. मामांनी झटकन खटका डावीकडे ओढला, काचा उघडल्या.

"अरे, चोराला घरात घेऊन दार लावतोस व्हय?" ते म्हणाले. वडील धापा टाकता टाकता हसले. हळूहळू त्यांचा श्वास सावरला.

वास मात्र एसीच्या नळ्यांत मुरला. दुसऱ्या दिवशी शेठ गाडीत बसले आणि तसेच उतरले.

"मासळी कोणी नेली?"

मी दारातच उभा होतो. नोकरी नवी, घरात औषधं. मी हातातल्या पावत्या मोजू लागलो.

"मी नेली, शेठ. घरी पावना होता," मामा म्हणाले.

मामांच्या हातून गाडी गेली, ते मालाच्या टेंपोवर आले. मी संध्याकाळी तोंड लपवतच त्यांच्याकडे गेलो. "टेंपोला खटका नाय," ते म्हणाले, "सगली हवा भायेरचीच. बा कसा हाय तुजा?"

वडील पुढे चार वर्षं जगले. टेंपोचा हॉर्न ऐकला की अंगणात येऊन हात वर करायचे. शेठला मात्र मी खरं कधीच सांगितलं नाही. आधी भीती होती, नंतर लाज. ती अजून आहे. मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परवा माझ्या गाडीतून खाडीवरून जाताना बोंबलांचा वास आला. बायको म्हणाली, "अहो, बाहेरची हवा बंद करा ना."

मी चारही काचा खाली केल्या.