अपुऱ्या राहिलेल्या प्रदक्षिणा

प्रदक्षिणा अर्धवट सोडली तर ती देवाला पोहोचते का, या शंकेपायी माझा जीव जायची वेळ आली होती.

राजाजीनगरातल्या दत्तमंदिरात मी दर गुरुवारी उपाशीपोटी एकवीस प्रदक्षिणा घालायचो. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पंप तपासणे हे माझे काम. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही, भक्तीसुद्धा. त्या सकाळी छाती जड झाली, जबडा दुखू लागला. उपासाचे पित्त असेल असे समजून मी चालतच राहिलो. थांबलो तर मोजणी मोडेल, एवढीच काळजी.

मागून एक अनोळखी बाई चालत होत्या. बोलणे बेळगावकडचे. "अण्णा, मघापासनं तुम्ही बाराच म्हणताय की! तीन फेऱ्या झाल्या, तुमचं बारा संपंना."

"एकवीस झाल्या की बसतो, अक्का."

"देव कुठं पळून चाललाय? स्वल्प बसा म्हंते ना! घामानं सदरा कसा झालाय बघा."

मोजण्यात मी चुकत नाही. चुकलो हे ऐकले, तेव्हा कुठे थांबलो. पायरीवर बसलो. त्यांनी रिक्षा थांबवली, मला दवाखान्यात नेले, माझ्याच फोनवरून बायकोला कळवले आणि ती येताच निघून गेल्या. नाव विचारायचे राहिले.

हृदयाची एक धमनी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट घातला. पुढे डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावले. चार कप्पे, उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते, डावी साऱ्या शरीराकडे; वाटेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. इथवर मला आमचाच पंप दिसत होता. मग त्या म्हणाल्या, आतून एवढे रक्त जाते, पण हृदयाच्या स्नायूंचे पोट त्यावर भरत नाही. त्यांच्यासाठी बाहेरून वेगळ्या धमन्या असतात. आणि सगळ्यात जास्त राबणाऱ्या डाव्या कप्प्याला स्वतःचा वाटा मुख्यतः मिळतो तो रक्त ढकलताना नव्हे, सैल पडल्यावर.

ते वाक्य मी पुन्हा सांगायला लावले. असा पंप आमच्या कारखान्यात नाही. थांबलो की देणे थांबते, असेच मी आजवर धरून चाललो होतो.

"आता उरलेल्या नऊंचं काय, ते विचारा डॉक्टरांना," बायको म्हणाली.

"विचारणारच होतो."

"विचारा हो! मग मीच घालते तुम्हाला इथं खाटेभोवती."

बरा झाल्यावर त्या बाईंची मंदिरात चौकशी केली. पुजारी म्हणाले, अशा कितीतरी येतात. त्या कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही. त्या माझ्या मागे होत्या, एवढे खरे.

आता गुरुवारी नाश्ता करून जातो. जमतील तेवढ्या फेऱ्या घालतो, मोजत नाही. मग त्याच पायरीवर बसतो. छातीत ठोका जाणवतो आणि मग क्षणभर काहीच नाही. पूर्वी मला त्या 'काहीच नाही'ची भीती वाटली असती. आता तेवढ्यापुरते मीही सगळे सोडून देतो आणि हात जोडतो.