लागलं

आमच्या कारखान्यात ‘लागलं’ हा सगळ्यात वाईट शब्द. जुन्या बाटल्या वितळवून केलेले प्लास्टिकचे दाणे आम्ही मोठ्या ड्रममध्ये भरायचो, आतली हवा ओढून काढायचो आणि वितळणार नाहीत इतपतच तापवत तासन्‌तास फिरवत ठेवायचो. दिसायला दाणे तसेच, पण आतून मजबूत होत जायचे. मग त्यांची पुन्हा बाटली व्हायची. फिरणं थांबलं तर मात्र गरम दाणे एकमेकांना चिकटायचे, पातेल्याला भात लागतो तसे. म्हणून तो शब्द.

मी नवा होतो. आधी यंत्रमागावर होतो, तो बंद पडला. शेठ म्हणाले होते, या ड्रममधला माल नीट उतरव, तुला कायम करतो. तिकडं गावाकडं, वैरागला, आमचे दादा, म्हणजे वडील, बाजारात हमाली करायचे. कंबर पार गेलेली, तरी पोती उचलायचे. मला पक्कं काम लागलं की त्यांनी हमाली सोडायची, हे घरात ठरलेलं. आईचा रोज फोन, आणि रोज एकच प्रश्न, “लागलं का रं?”

त्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. जनरेटर नुसता घुरघुरला आणि बसला मुडदा! माझ्यासोबतचे तेलुगू मामा जुने कामगार. आम्ही दोघांनी पहार घालून ड्रम हातानं फिरवायला बघितला. तसूभर हलला नाही. उघडावा तर हवा लागून माल पिवळा पडणार, न उघडावा तर चिकटणार. काय करावं माणसानं? मी जनरेटरला लाथ घातली. अंगठा तेवढा सुजला.

संध्याकाळी लाईट आली, ड्रम फिरला. दाण्यांची सळसळ नाहीच. प्रत्येक फेरीला आत धप्पकन एकच काहीतरी आदळायचं. मामा कान देऊन ऐकत होते. “अय्यो, लागलं रे,” म्हणाले आणि खाली बसले.

शेठ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. ते हळूच म्हणाले, “तुझी काही चूक नाही रे. पण एवढा माल गेल्यावर नवा माणूस कसा ठेवू?”

तेवढ्यात फोन वाजला. आई.

“लागलं का रं?”

माझ्या डोक्यात तो ड्रमच आदळत होता. “लागलं,” मी म्हणालो. “समदं लागलं, आई.”

“आवं, ऐकलं का? पोरगं लागलं की कामाला!” तिकडून तिची आरोळी. मी “आई, थांब, तसं न्हाय” म्हणेपर्यंत फोन बंद. परत लावला, उचलेना. पुन्हा लावला.

शेवटी तिनं उचलला. धाप लागलेली, हसत होती. मी म्हणालो, “आई, दादांना दे.”

“ते कुटलं हितं? मुकादमाला सांगाया गेले की, उद्यापासनं येत न्हाय म्हणून. पळत गेले बघ, कंबर धरून. लई दिसांनी पळताना बघितलं त्यास्नी.”

फोन माझ्या कानालाच होता. पलीकडं ती अजून हसतच होती.