काचेचे व्हॉल्व्ह

जिंतूरला बसस्टँडमागं एक म्हातारा लाउडस्पीकर दुरुस्त करायचा. माझ्या कॉलेजातल्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर खरखरायला लागला, म्हणून गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही त्याच्याकडं नेलं.

"यातले जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह काढून नवीन सर्किट बसवा," मी म्हणालो.

त्यानं एकेक व्हॉल्व्ह रुमालानं पुसला, गिटार जोडली आणि तार ओढून सूर धरला. जुन्या रॉकवाल्यांसारखा तो सूर फाटत फाटत लांबला. मग त्यानं रागानं वायर उपटली.

"तार हळू छेडली का जोरात, हे या काचेला कळतंय. तुमाला कळंना. न्या, मी हात लावत नसतो."

मीही तणतणत निघालो. परभणीत दुसऱ्याकडून काम करून घेतलं. आता आवाज स्वच्छ येतो. कितीही जोरात वाजवलं तरी तसाच. राग येतो, पण त्या म्हाताऱ्याचा नाही. काढलेले व्हॉल्व्ह मी स्वतःच कचऱ्यात टाकले होते.